वीज गेल्यावर रिफ्युजियम का सांडते?

वाचकांचे प्रश्न : घरातील मत्स्यालय

प्रश्न : माझ्याकडे खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे (१२० × ४५ × ४५ सेंटिमीटर). तिच्या खालच्या कपाटात मी स्वतः काचा चिकटवून ७५ × ३८ × ३८ सेंटिमीटरचे रिफ्युजियम, म्हणजे शैवाल वाढवण्याची जोडटाकी, तयार केले असून त्यात कीटोमॉर्फा शैवाल वाढवतो. पंप त्याच टाकीच्या एका कोपऱ्यात जाळीमागे ठेवला आहे. वरच्या टाकीला छिद्र नाही; मागच्या काचेवर टांगलेल्या पेटीतून उलट्या यू आकाराच्या नळीने पाणी खाली येते. गेले आठ महिने वीज गेली तरी पाणी कधी सांडले नव्हते. गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद असणार असले, की मी बुधवारी रात्रीच आरओचे पाणी काढतो आणि रिफ्युजियम नेहमीपेक्षा थोडे जास्त भरून ठेवतो. मागच्या गुरुवारी दुपारी वीज गेली आणि सात-आठ लिटर खारे पाणी फरशीवर आले. पंपाचे पाणी वर नेणाऱ्या परतीच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) बसवला तर हे थांबेल का? नळ्यांची आणि पाण्याच्या पातळ्यांची मापे सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आपण बुधवारी रात्री भरून ठेवलेले ते ‘थोडे जास्त’ पाणीच गुरुवारी फरशीवर आले. आपण मापे पाठवली आहेत, त्यामुळे हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही, हिशेबच मांडू.

वरच्या टाकीचा पृष्ठभाग १२० गुणिले ४५, म्हणजे ५,४०० चौरस सेंटिमीटर आहे. तिथली पाण्याची पातळी एक सेंटिमीटरने उतरली, की ५.४ लिटर पाणी खाली जाते. आपल्या परतीच्या नळीचे तोंड पाण्याखाली ४ सेंटिमीटर आहे. पंप चालू असताना या नळीतून पाणी वर चढते, पण पंप थांबताच तीच नळी सायफन होते आणि तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी पंपाच्या पोटातून उलटे खाली ओढत राहते. चार सेंटिमीटरचे २१.६ लिटर आणि नळ्यांमध्ये उरलेले सुमारे एक लिटर मिळून साडेबावीस लिटरच्या वर पाणी खाली येते. खालच्या टाकीत एका सेंटिमीटरला २.८५ लिटर मावतात. नेहमी आपण ३० सेंटिमीटरपर्यंत पाणी ठेवता, तेव्हा वर ८ सेंटिमीटर, म्हणजे २२.८ लिटरची जागा शिल्लक असते. आठ महिने आपली फरशी कोरडी राहिली ती या काठोकाठच्या हिशेबामुळे. बुधवारी पातळी ३३ सेंटिमीटरवर गेली, जागा १४ लिटरच्या आसपास उरली आणि बाकीचे आठ लिटर बाहेर पडले.

आता व्हॉल्व्हविषयी. नळ दुरुस्त करणारे ज्याला एनआरव्ही म्हणतात तो मी स्वतः पूर्वी वापरला आहे, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात त्याच भरवशावर मी एका वळवाच्या संध्याकाळी निर्धास्त बाहेर गेलो होतो. झाड तारांवर पडून वीज गेली. व्हॉल्व्हच्या झडपेखाली एक लहानशी गोगलगाय अडकलेली होती, त्यामुळे झडप पूर्ण बसली नाही आणि मी परत येईपर्यंत पाणी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतातून झिरपू लागले होते. खाऱ्या पाण्यात झडपेवर चुन्याचा थर बसतो, शैवालाचा तंतू अडकतो, रबर कडक होते. आणि व्हॉल्व्ह बिघडला आहे हे ज्या दिवशी त्याची गरज पडते त्याच दिवशी कळते. शिवाय तो पंपाचा प्रवाह नेहमीसाठीच थोडा कमी करतो. व्हॉल्व्ह बसवायचा असेल तर अवश्य बसवा, पण आपली सगळी मांडणी तो नाहीच असे समजून करा. वीज गेल्यावर कुठल्याही वस्तूला ‘काम करावे’ लागू नये. नळ्यांच्या आणि काचांच्या उंचीनेच पाणी थांबले पाहिजे.

म्हणून पहिले काम, नळीचे तोंड ४ सेंटिमीटरवरून पृष्ठभागाखाली जेमतेम १ सेंटिमीटरवर आणा. त्यानंतर नळीतून येणारे पाणी साडेपाच लिटरच्या आत राहील. मात्र टांगलेल्या पेटीच्या दातांवरून वाहणारा पाण्याचा थर, जो आपल्या टिपणानुसार दीड सेंटिमीटर आहे, तो पंप थांबल्यावर उतरणारच. तो आठ लिटरचा आहे आणि त्यातच वरचे साडेपाच लिटर मोजले जातात, कारण दोन्ही वाटांनी जाणारे पाणी टाकीच्या त्याच वरच्या थरातले आहे. नळ्यांतले एक लिटर धरून नऊ लिटर. साडेबावीसच्या जागी नऊ.

दुसरे काम, त्याच नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली, टाकीच्या आतल्या बाजूला, ५ मिलिमीटरची दोन छिद्रे पाडा. पाणी थोडे उतरले की या छिद्रांतून नळीत हवा शिरते आणि सायफन तुटतो. पुणेकरांना ही कल्पना अगदी परकी वाटू नये. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून जो नळ आणला गेला, त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते आणि त्यांतून नळात कोंडलेली हवा बाहेर पडत असे. आपल्या नळीला उलट्या दिशेचा, हवा आत घेणारा उच्छ्वास हवा आहे, एवढाच फरक. चालू पंपावर या छिद्रांतून पाण्याची बारीक धार उडते. ती खाली वळेल अशा बाजूला छिद्रे पाडावीत, म्हणजे दिव्यावर मिठाचे शिंतोडे बसणार नाहीत. एक छिद्र पुरेसे असताना दोन सांगतो, कारण मिठाची खपली आणि जांभळट रंगाचे चुनखडी शैवाल ही छिद्रे हळूहळू बुजवतात. दर आठवड्याला काच पुसताना त्यांत दात कोरण्याची काडी फिरवणे हा त्या कामाचाच भाग मानावा.

तिसरे काम गणिताशिवाय होते, आणि मला ते सर्वांत जवळचे वाटते. रविवारी सकाळी, घरात सगळे असताना, जवळ बादली आणि जुनी चादर ठेवून पंपाचे बटण बंद करा. वरचे सगळे पाणी खाली येऊन स्थिर होऊ द्या. दहा-पंधरा मिनिटे तरी थांबा, कारण शेवटचे दोन-तीन लिटर फार सावकाश उतरतात. त्या स्थितीत खालच्या टाकीतले पाणी काठापासून ३ सेंटिमीटर खाली असेल असे कमी-जास्त करा. मग पंप सुरू करा. पाणी वर जाऊन पातळी जिथे स्थिर होईल तिथे काचेवर बाहेरून न पुसणाऱ्या शाईने रेघ ओढा. चालू पंपावर ही रेघ ओलांडून पाणी कधीही घालायचे नाही, बुधवारी रात्री तर नाहीच. गुरुवारसाठी साठवायचे आरओचे पाणी झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. रिफ्युजियममधली वरची रिकामी जागा वाया गेलेली दिसते, पण ती वरून उतरणाऱ्या पाण्यासाठी राखलेली आहे. पावसाळ्याआधी धरणात जागा मोकळी ठेवतात तशी.

आपण विचारले नाही, तरी आपल्या मांडणीतला अधिक मोठा धोका वीज जाण्यापेक्षा वीज परत येण्यात आहे. पंप थांबल्यावर टांगलेल्या पेटीतली यू नळी पाण्याने भरलेली राहिली, तर वीज येताच ती पुन्हा वाहू लागते. पेटीचे टाकीच्या आतला आणि बाहेरचा असे दोन्ही कप्पे नळीची तोंडे बुडालेली ठेवतात ते याचसाठी. पण नळीच्या वळणात हळूहळू बुडबुडे साठतात, विशेषतः प्रवाह संथ असला तर, आणि कधीतरी ती हवा एवढी होते की पाण्याचा धागा तुटतो. त्यानंतर वीज आली, की पंप खालचे पाणी वर ढकलत राहतो आणि खाली यायला वाट नसते. आपल्या टाकीत पंप ३० सेंटिमीटरपासून तळाच्या ६ सेंटिमीटरपर्यंतचे, म्हणजे ६८ लिटर पाणी वर फेकू शकतो. वरच्या टाकीत पाण्यापासून काठापर्यंत साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे १९ लिटरची जागा आहे. उरलेले जवळजवळ पन्नास लिटर आपण कार्यालयात असताना घरभर पसरतील. मागच्या गुरुवारचे आठ लिटर यापुढे काहीच नाहीत.

यावर उपाय काचेचा आहे. रिफ्युजियममध्ये पंपाच्या बाजूला २० सेंटिमीटर रुंदीचा कप्पा सोडून २४ सेंटिमीटर उंचीची आडवी काच सिलिकॉनने पक्की बसवा. शैवालाच्या बाजूचे पाणी या काचेवरून, धरणाच्या सांडव्यावरून जावे तसे, पंपाच्या कप्प्यात पडेल. यू नळी कधी बंद पडलीच, तर पंपाच्या हाती फक्त त्या छोट्या कप्प्यातले पाणी उरते. तो कप्पा २४ सेंटिमीटरपर्यंत भरलेला धरला तरी, पंपाला न ओढता येणारे तळाचे ६ सेंटिमीटर वगळून, ते चौदा लिटरच्या आत आहे. ते वर मावते, पंप कोरडा घुरघुरतो, त्याचा आवाज येतो, फार तर पंप जळतो. पण घर कोरडे राहते. शैवालाच्या बाजूची पातळीही आता २४ सेंटिमीटरवर बांधली गेल्यामुळे खाली येणाऱ्या पाण्याला आयतीच चाळीस लिटरची जागा मिळते. याचा एक त्रास आधीच सांगून ठेवतो : बाष्पीभवनाची सगळी घट आता त्या लहान कप्प्यात दिसेल. दिवसाला दोन लिटर पाणी उडाले, तर तिथली पातळी अडीच सेंटिमीटरहून जास्त उतरेल, म्हणून पाणी रोज घालावे लागेल. काच बसल्यावर वरची रेघही नव्याने ओढावी लागेल, ती पंपाच्या कप्प्यावर. काचेच्या अलीकडे शैवाल अडवायला जाळी लावाल, तिचा वरचा काठ टाकीच्या काठापेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवा. कीटोमॉर्फाचा गुंता जाळीला चिकटून ती बुजली, तरी पाणी जाळीवरून पलीकडे जाईल, टाकीबाहेर जाणार नाही.

पाणी आपोआप घालणारे यंत्र लावण्याचा मोह होईल. लावलेत तर एक लक्षात घ्या : वीज आल्यावर वरची टाकी भरेपर्यंत एक-दोन मिनिटे पंपाच्या कप्प्यातली पातळी नेहमीपेक्षा बरीच खाली जाते, यंत्राला ती बाष्पीभवनाची घट वाटते आणि ते गोडे पाणी सोडू लागते. दिवसातून पाच वेळा वीज ये-जा करणाऱ्या पावसाळी दिवसांत हे पाणी साठत जाते. पुढच्या वेळी वीज गेली, की रेघेवरचे तेच पाणी बाहेर येते. त्यामुळे या यंत्राच्या पिंपात एका वेळी चार-पाच लिटरपेक्षा जास्त पाणी ठेवू नये. पंपाला फ्रिजसाठी मिळणारा, काही मिनिटे उशिराने वीज सोडणारा स्टॅबिलायझर लावला, तर वारंवारच्या चालू-बंदचा त्रासही कमी होतो. तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानांत त्याची चौकशी करावी.

जमेल तेव्हा टांगलेली पेटी काढून मागच्या काचेला छिद्रे पाडून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. छिद्रातून वाहणाऱ्या पाण्याला सायफनची गरज नसते, त्यामुळे तुटण्यासारखे काही उरत नाही. छिद्रे दोन असावीत, एक नेहमीचे आणि एक थोडे उंचावर, पहिले तुंबले तर कामी येणारे. प्रत्येक छिद्र काचेच्या कडेपासून किमान स्वतःच्या व्यासाइतके आत हवे. त्याआधी काच टफन (तापवून कडक) केलेली नाही याची खात्री करा, कारण टफन काचेला ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. संगणकाचा पांढरा पडदा काचेमागे धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहिले, तर टफन काचेत गडद पट्टे किंवा डाग दिसतात.

आता सांडलेल्या आठ लिटरविषयी. ते खारे पाणी होते. त्याची भरपाई आपण आरओच्या पाण्याने केली असेल, तर सुमारे अडीचशे लिटरच्या आपल्या एकूण पाण्यात मिठाचे प्रमाण लिटरला ३५ ग्रॅमवरून ३४ च्या किंचित खाली आले असेल. मासे हे सहन करतात, पण प्रमाण मोजून, मीठ मिसळलेले पाणी दोन-तीन दिवसांत थोडे थोडे घालून ते पूर्ववत करावे. आणि कपाटात खाली ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड आजच उचलून टाकीच्या काठापेक्षा उंच भिंतीवर लावा. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडेल.

प्रश्न : माझी गोड्या पाण्याची तीन फुटी गप्पींची टाकी आहे. तिच्या वर भिंतीवर तीस लिटरचा प्लास्टिकचा टब बसवून त्यात मनीप्लँट आणि चेरी कोळंबी ठेवली आहे. लहान पंप पाणी वर चढवतो आणि टबाच्या छिद्रातून ते खाली पडते. वीज गेली की टब जवळजवळ रिकामा होतो आणि खालची टाकी सांडते. एकदा तर वीज असतानाच टब भरून वाहिला.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : वरून खाली वाहणारी ही मांडणी मला खालच्या रिफ्युजियमपेक्षा जास्त निर्धोक वाटते आणि आपला दोष सहज दुरुस्त होणारा आहे. पंपाची नळी टबाच्या तळापर्यंत गेलेली असणार. तिचे तोंड पाण्याच्या वर आणून तिथेच क्लिपने पक्के बांधा. मग पंप थांबल्यावर नळीत फक्त हवा शिरेल आणि टबातले पाणी छिद्राच्या पातळीवर जागच्या जागी राहील. कोळंबीच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे, कारण टब रिकामा झाला की ती मुळांत अडकून पडते. पाणी उंचावरून पडल्याचा आवाज नको असेल, तर तोंडाखाली स्पंजचा तुकडा ठेवावा.

वीज असताना टब भरून वाहिला तो मनीप्लँटमुळे. त्याची मुळे वाहत्या पाण्याच्या दिशेने सरकत छिद्रात शिरतात आणि महिन्या-दोन महिन्यांत नळी गच्च बुजवतात. छिद्राला सपाट जाळी लावली, तर ती आणखी लवकर तुंबते. त्याऐवजी सगळ्या बाजूंनी भोके असलेली, हाताच्या पंजाएवढ्या लांबीची नळी टबाच्या आतल्या बाजूला आडवी जोडा आणि मुळे तिच्यापासून दूर ठेवणारी प्लास्टिकची जाळीची टोपली कुंडीसाठी वापरा. पहिल्या छिद्रापेक्षा दोन सेंटिमीटर उंचावर तेवढेच मोठे दुसरे छिद्र पाडा आणि त्याच्या नळीचे तोंड खालच्या टाकीच्या पृष्ठभागाच्या वर, दिसेल अशा ठिकाणी सोडा. त्या दुसऱ्या नळीतून पाणी पडताना दिसले, की पहिली तुंबली आहे हे लगेच कळते. पंपाचा वेग ताशी दोनशे-अडीचशे लिटरपेक्षा जास्त ठेवण्याचे कारण नाही; मुळांना पाणी हळू मिळालेलेच बरे. भिंत मात्र तपासा. भरलेला टब, खडी आणि झाड मिळून वजन पस्तीस किलोच्या पुढे जाते, आणि अलीकडच्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे गिट्टे हे वजन फार काळ धरत नाहीत.

प्रश्न : रिफ्युजियमचा पंपच इन्व्हर्टरवर घेतला, तर पाणी सांडण्याचा प्रश्न संपतो ना?
— एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : प्रश्न पुढे ढकलला जातो. पस्तीस वॅटचा पंप १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर एकटा असेल तर बराच वेळ चालेल, पण त्याच बॅटरीवर घरातले पंखे आणि दिवे असतात. ज्या रात्री ती संपेल त्या रात्री पाणी नेहमीप्रमाणेच खाली येईल, आणि इतके दिवस पंप कधी थांबलाच नसल्यामुळे मांडणीतली चूक तोपर्यंत कोणाच्या लक्षात आलेली नसेल. म्हणून इन्व्हर्टर असला तरी बटण बंद करून पाहण्याची चाचणी आणि काचेवरची रेघ टाळू नका.

इन्व्हर्टरवर काही घ्यायचेच असेल, तर मी आधी वरच्या टाकीतला चार-पाच वॅटचा हवेचा पंप घेईन. काही तासांच्या खंडात माशांना सर्वप्रथम प्राणवायूचीच उणीव भासते. रिफ्युजियममधले शैवाल आणि कोपेपॉड नावाचे बारीक जलजीव मात्र दिवसभर पंप नसला तरी सहसा टिकतात. अंधारात शैवालही प्राणवायू वापरते, त्यामुळे रात्री वीज गेली तर रिफ्युजियमच्या पाण्यात एक हवेची नळी सोडून ठेवावी. आणखी एक तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या : पुष्कळ घरांत इन्व्हर्टरमधून येणारी वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) वळसा घालून येते. आपल्याकडे तसे असेल, तर टाकीच्या बोर्डासाठी स्वतंत्र आरसीसीबी बसवल्याशिवाय पाण्यातले काहीही त्या वाटेवर जोडू नका.